सुपरहिरोचा नवा अंक: वाचावा कसा, जोखावा कसा

अमेरिकेतल्या सुपरहिरो कॉमिकचा नेहमीचा मासिक अंक पातळ असतो. जाहिराती वगळल्या तर गोष्टीच्या वाट्याला वीस ते बावीस पाने येतात आणि किंमत बहुधा ३.९९ किंवा ४.९९ डॉलर असते. वाचायला दहा-पंधरा मिनिटे पुरतात, आणि गफलत इथेच होते. लेखक, पेन्सिलने चित्रे काढणारा, त्यांवर शाई फिरवणारा, रंग भरणारा आणि फुग्यांतली अक्षरे लिहिणारा अशा चार-पाच जणांनी खपून जे उभे केलेले असते, त्यावरचे मत चहा निवायच्या आत ठरून जाते. ते मतही बहुतेक वेळा अंकाविषयी नसते, अंकातल्या बातमीविषयी असते: कोण मेला, कोण परतला, कोणी मुखवटा काढला, कोणाचे लग्न मोडले. ही बातमी अंक न उघडताही कळते. अंक चांगला की वाईट हे मात्र त्याच्या पानांवरच ठरते, आणि मत द्यायचे तर ते पानांवरून द्यावे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण १९९२ सालच्या नोव्हेंबरातले आहे. 'सुपरमॅन' मालिकेच्या ७५व्या अंकात सुपरमॅन मरणार, ही बातमी वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर आधीच झळकली होती. दुकानांसमोर रांगा लागल्या. अंकाची एक आवृत्ती काळ्या पिशवीत बंद करून विकली गेली. पिशवीवर रक्त ठिबकणारे सुपरमॅनचे चिन्ह होते. पुढे मोठी किंमत येईल या आशेने असंख्य लोकांनी ती पिशवी फोडलीच नाही. प्रती इतक्या निघाल्या होत्या की ती किंमत कधी आलीच नाही. न फोडलेल्या पिशवीत एक कसबी रचना मात्र बंद राहिली. त्या आठवड्यांत सुपरमॅनच्या चार मालिका एकमेकींना जोडून निघत. शेवटाकडे जाताना एका अंकात दर पानावर चार चौकटी ठेवल्या, त्याच्या पुढच्यात तीन, त्याच्या पुढच्यात दोन, आणि डॅन जर्गेन्सने लिहिलेल्या व आखलेल्या ७५व्या अंकात प्रत्येक पानभर एकच चित्र. चौकटी कमी होत गेल्या तसे घाव मोठे होत गेले आणि वाचकाची पाने उलटण्याची गती वाढत गेली. सुपरमॅन मेला ही बातमी होती. तो कसा मेला हे त्या उतरत्या मोजणीत होते. १९९३ मध्ये सुपरमॅन परत आला आणि बातमी शिळी झाली. मोजणी आजही तशीच काम करते.

चाहत्याच्या मताला या व्यवसायात फार पूर्वीपासून किंमत आहे. अंकाच्या शेवटी वाचकांची पत्रे छापण्याची रीत जुनी. १९६३च्या नोव्हेंबरच्या 'फँटॅस्टिक फोर' मालिकेच्या २०व्या अंकात न्यू जर्सीतल्या एका शाळकरी मुलाचे पत्र छापून आले. तोच मुलगा पुढे कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन म्हणून जगाला माहीत झाला. अशीच पत्रे लिहिणारा कर्ट ब्युसिक स्वतः सुपरहिरो कॉमिकचा नावाजलेला लेखक झाला. १९८८ मध्ये तर वाचकांच्या हाती थेट एका पात्राचा जीवच सोपवला गेला. 'बॅटमॅन'च्या ४२७व्या अंकाच्या शेवटी दुसरा रॉबिन, जेसन टॉड, स्फोटात सापडतो. तो जगावा की मरावा हे ठरवण्यासाठी दोन फोन क्रमांक देण्यात आले. प्रत्येक फोनला ५० सेंट लागत. मरणाच्या बाजूने ५,३४३ आणि जगण्याच्या बाजूने ५,२७१ मते पडली. ७२ मतांनी जेसन गेला. मताची ताकद दिसली, पण ते मत एका घटनेवर घेतलेले होते. जिम स्टार्लिनच्या लेखनावर किंवा जिम अपारोच्या रेषेवर कोणाला काही विचारले गेले नव्हते, आणि आजही त्या गोष्टीविषयीच्या गप्पा आकड्यांवर सुरू होऊन आकड्यांवरच संपतात.

आजच्या विक्रीव्यवस्थेतही पहिल्या आठवड्यातल्या मताचा परिणाम होतो. अमेरिकेत नवे अंक बुधवारी दुकानांत येतात. दुकानदाराला मागणी आधी नोंदवावी लागते: अंकाची माहिती दोन-तीन महिने आधी जाहीर होते, आकडा बदलण्याची अखेरची मुदत साधारण तीन आठवडे आधी संपते, आणि न विकलेला माल सहसा परत घेतला जात नाही. त्यामुळे दुकानदार हात आखडूनच मागणी नोंदवतो. पहिला अंक वाचकाच्या हाती पडतो तेव्हा दुसऱ्याचा आकडा ठरलेला किंवा ठरत आलेला असतो. वाचकाचे बोलणे उपयोगी पडते ते तिसऱ्या-चौथ्या अंकाला. म्हणून फारसा गाजावाजा न झालेली मालिका मनापासून आवडली असेल तर ते लगेच सांगावे. बॅटमॅन किंवा स्पायडरमॅनच्या मुख्य मालिकेला अशी घाई नसते. त्यांच्याबद्दल आठवडाभर थांबून बोलले तरी चालते.

अंक उघडण्याआधी श्रेयनामावली वाचावी. मुखपृष्ठ एकाने काढलेले असते आणि आतली पाने दुसऱ्याने, हा प्रकार आता इतका रूढ आहे की मुखपृष्ठ पाहून अंक घेणाऱ्याची फसगत होणे साहजिक आहे. त्यातच एका अंकाची अनेक मुखपृष्ठे निघतात, काही ठराविक संख्येने मागणी नोंदवणाऱ्या दुकानालाच मिळतात. त्यांचा संग्रह हा वेगळा छंद आहे आणि त्यात वावगे काही नाही. अंकाच्या गुणदोषांशी त्याचा संबंध लावू नये एवढेच. आतला चित्रकार मालिकेच्या मध्येच बदलू शकतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेली 'ॲब्सोल्यूट बॅटमॅन' ही स्कॉट स्नायडर आणि निक ड्रॅगोटा यांची मालिका. पण चौथा अंक गॅब्रिएल हर्नांडेझ वाल्टाने काढला, सातवा आणि आठवा मार्कोस मार्टिनने. हे ठाऊक नसलेला वाचक 'या वेळी चित्रे बिघडली' असे म्हणून मोकळा होतो. खरे तर तिथे दुसरा हात आलेला असतो, आणि त्या हाताला त्याच्याच मापाने मोजायला हवे.

अंकावरचा क्रमांकही जपून वाचावा. मोठ्या प्रकाशकांच्या मालिका पुन्हा पुन्हा एकपासून सुरू होतात. सप्टेंबर २०११ मध्ये डीसीने एकदम ५२ मालिकांचे पहिले अंक काढले. 'द अमेझिंग स्पायडरमॅन' या मालिकेला तर २०१४, २०१५, २०१८, २०२२ आणि २०२५ असे पाच वेळा नवे पहिले अंक मिळाले. पहिला अंक म्हणजे नव्या वाचकासाठी दार उघडले, एवढाच प्रकाशकाचा दावा असतो. तो दावा खरा आहे का, हे तपासणे चाहत्याचे काम. आधीचे काही न वाचलेल्या माणसाला पहिल्या पाच पानांत कोण, कुठे, कशासाठी हे कळते का? कळत नसेल तर अंक कितीही देखणा असला तरी पहिला अंक म्हणून तो कमी पडला, असे स्पष्ट म्हणावे.

वाचन दोनदा करावे. पहिल्या खेपेस गोष्टीच्या ओघात, न थांबता, काही न टिपता. फोनवर वाचणाऱ्यांनी इथे एक गोष्ट पाळावी: एकेक चौकट मोठी करून दाखवणारी सोय बंद ठेवावी. कॉमिकचे एकक पान आहे. चित्रकाराने पान एकदम दिसेल अशा हिशेबाने आखलेले असते. वरच्या कोपऱ्यातला लाल रंग खालच्या कोपऱ्यातल्या लालशी बोलत असतो, उंच चौकटीतली पडझड शेजारच्या तीन बुटक्या चौकटींमुळे उंच वाटत असते. एकेक चौकट सुटी करून पाहिली की हे सगळे जाते आणि उरतो तो चित्रांचा पट्टा. दोन पानांवर पसरलेले चित्र तर फोन आडवा धरूनच पाहावे, आणि शक्य असेल तर मोठ्या पडद्यावर.

दुसरे वाचन संथ, आणि त्यात शब्द झाकून फक्त चित्रे पाहावीत. शब्दांवाचून प्रसंग किती कळतो, हा चित्रकथनाचा पहिला कस. २००५ मध्ये सुरू झालेल्या ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली यांच्या 'ऑल-स्टार सुपरमॅन'चे पहिले पान या कसासाठी हाताशी ठेवावे असे आहे. त्या पानावर चारच चौकटी आहेत आणि प्रत्येकीला दोन शब्द, म्हणजे पानभर मिळून आठ शब्द. विनाशाच्या काठावरचा ग्रह, आपल्या बाळाला वाचवू पाहणारे आईवडील, अवकाशात निघालेले यान, आणि ते बाळ उचलून घेणारे शेतकरी जोडपे. पान उलटले की प्रौढ सुपरमॅन सूर्यासमोर. हीच जन्मकथा १९३८ मध्ये 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी एका पानात सांगितली होती, पण त्यांना मुंगी आणि टोळ यांचे दाखले देऊन ताकदीचे शास्त्रही समजावून सांगावे लागले, कारण तेव्हा हा प्राणी कोणालाच ठाऊक नव्हता. क्वाइटलीला समजावण्याची गरज नव्हती. वाचकाला काय आधीच माहीत आहे याचा अचूक अंदाज, आणि उरलेले सगळे सोडून देण्याची हिंमत, या दोन गोष्टी त्या पानावर दिसतात. नव्या अंकात जन्मकथा पुन्हा आली की ती कशासाठी आली आणि तिला किती जागा दिली, हे या पानाशी ताडून पाहावे.

शब्द झाकण्याचा कस ज्याला सहज पेलतो असा दुसरा अंक म्हणजे मॅट फ्रॅक्शन आणि डेव्हिड आहा यांच्या 'हॉकआय' मालिकेचा ११वा, २०१३ सालचा. सगळा अंक एका कुत्र्याच्या नजरेतून, किंबहुना नाकातून, सांगितला आहे. इमारतीत खून होतो आणि कुत्रा त्याचा माग काढतो. त्याला भेटणाऱ्या प्रत्येक माणसाभोवती बारीक खुणाचित्रांचा गोतावळा उमटतो: या माणसाला कॉफीचा वास, त्याला पावडरचा, हा त्या घराशी जोडलेला, तो या बाईशी. माणसांच्या बोलण्यातले कुत्र्याला ओळखीचे तेवढेच दोन-चार शब्द वाचता येतात; बाकीच्या फुग्यांत नुसत्या ओरखड्यांसारख्या रेषा. मॅट हॉलिंग्सवर्थने रंग मोजके ठेवले आहेत, त्यामुळे खुणाचित्रे गर्दीत हरवत नाहीत. या अंकाला २०१४ मध्ये सर्वोत्कृष्ट एकल अंकाचा आयझनर पुरस्कार मिळाला. गोष्ट म्हणून सांगायला गेले तर ती दोन वाक्यांत संपते. केवळ 'काय घडले' यावर मत देणाऱ्याला या अंकाविषयी बोलायला काही उरतच नाही, आणि तरीही तो त्या दशकातल्या उत्तम सुपरहिरो अंकांपैकी एक आहे.

रंग आणि अक्षरे यांच्याकडे चाहत्यांचे सहसा लक्ष जात नाही. वाईट रंगकाम लगेच खुपते, पण चांगले डोळ्यांआड राहते. 'बॅटमॅन: इयर वन' या १९८७ सालच्या गोष्टीत फ्रँक मिलर आणि डेव्हिड मॅझुकेली यांच्या इतकाच रंगकार रिचमंड लुइस यांचा वाटा आहे. मासिक अंकांसाठी त्यांनी स्वस्त कागदावर उमटतील असे रंग दिले आणि पुस्तकरूपासाठी तेच काम पुन्हा नव्याने रंगवले. दोन्ही शेजारी ठेवून पाहिली तर रेषा तीच, संवाद तेच, आणि रात्र वेगळी. अक्षरांबाबत फुगे कोणत्या क्रमाने वाचायचे यात नजर एकदाही अडखळली नाही, तर अक्षरकाराने काम चोख केले असे समजावे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'द स्वॅम्प थिंग'मध्ये आदित्य बिडीकर यांची अक्षरे आहेत. वनस्पतीच्या देहातून येणारा आवाज माणसाच्या आवाजाहून निराळा ऐकू येतो तो त्या फुग्यांच्या आकारामुळे आणि अक्षरांच्या वळणामुळे. ही मालिका लिहिणारे राम व्ही. मूळचे मुंबईचे, आणि तिचा नायक लेव्ही कामेई भारतातला. मराठी वाचकाने केवळ या नात्यासाठी तिचे कौतुक करू नये. कौतुक करावे असे तिच्यात पुष्कळ आहे.

चाहत्यांची सर्वांत जुनी तक्रार म्हणजे 'हा आपला बॅटमॅन नव्हे'. ही तक्रार करण्यापूर्वी बॅटमॅन किती बदलला आहे हे आठवावे. मे १९३९च्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या २७व्या अंकात तो प्रथम आला. सुरुवातीच्या काही गोष्टींत त्याच्या हाती पिस्तूलही दिसते. बंदूक न धरणारा बॅटमॅन नंतर घडला. सुपरमॅनही १९३८ मध्ये उडत नव्हता, उडी मारत होता. एका उडीत मैलाचा आठवा भाग. 'ॲब्सोल्यूट बॅटमॅन'मधल्या ब्रूस वेनकडे हवेली नाही, वारशाची संपत्ती नाही. वडील शाळामास्तर होते, आई हयात आहे, आणि तो स्वतः इंजिनिअर आहे. यावर 'श्रीमंती काढली तर बॅटमॅन उरतो कुठे' असा आक्षेप घेतला गेला. आक्षेप चुकीचा नाही, पण त्याचे उत्तर पानांत शोधावे लागते. ड्रॅगोटाने हा ब्रूस अवाढव्य काढला आहे. खांदे चौकटीच्या कडांना भिडतात, छातीवरचे वटवाघूळ सुटे होऊन कुऱ्हाडीचे पाते बनते, अंगावरची प्रत्येक वस्तू हत्यार आहे. पैशाने जे विकत घेतले जायचे ते इथे देहाने आणि कारागिरीने भरून काढले आहे. ही अदलाबदल ज्याला पटेल त्याला मालिका पटेल. ज्याला पटणार नाही, त्यानेही 'बदलला' एवढ्यावर न थांबता 'बदलाचे मोल पानावर फेडले गेले नाही' हे दाखवून द्यावे. म्हणजे मत ऐकण्याजोगे होते.

गतीविषयीची तक्रारही अशीच तपासून करावी. 'अंकात काही घडतच नाही' हे वाक्य गेली पंचवीस वर्षे ऐकू येते. स्पायडरमॅनची जन्मकथा १९६२ मध्ये स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी 'अमेझिंग फँटसी'च्या १५व्या अंकात ११ पानांत संपवली. २००० साली ब्रायन मायकल बेंडिस आणि मार्क बॅगली यांनी 'अल्टिमेट स्पायडरमॅन'मध्ये तिच्यासाठी सात अंक घेतले. ताणली, असे सहज म्हणता येते. पण १९६२च्या गोष्टीत पीटरचे, म्हणजे स्पायडरमॅनचे, बेनकाका मोजक्याच चौकटींत दिसतात आणि त्यांच्या खुनाची वार्ता एक पोलीस दारात सांगतो. २०००च्या गोष्टीत ते घरात वावरतात, पीटरवर रागावतात, त्याला समजून घेतात, आणि जातात तेव्हा घरातले माणूस गेल्यासारखे वाटते. वाढलेली पाने तिथे कामी आली. तीच गोष्ट जानेवारी २०२४ मध्ये जोनाथन हिकमन आणि मार्को चेकेट्टो यांनी पुन्हा नव्या 'अल्टिमेट स्पायडरमॅन'मध्ये उलटी करून मांडली: पीटर तिशी ओलांडलेला, मेरी जेनशी लग्न झालेले, दोन मुले, बेनकाका जिवंत, आणि कोळी अजून चावलेलाच नाही. जवळजवळ सगळा पहिला अंक एका माणसाच्या रुखरुखीवर उभा आहे. आयुष्यात काय हुकले हे त्याला कळत नाही, एवढेच जाणवते. कोळी चावतो तो शेवटी, आणि तोही पीटरने स्वतः ठरवल्यामुळे. पोरवयात अपघाताने मिळालेली ताकद आणि संसार असताना समजून-उमजून घेतलेली ताकद, या दोहोंतला फरक दाखवायला तो संथ पहिला अंक हवाच होता. तेव्हा विचारायचा प्रश्न असा: जी पाने वापरली त्यांनी काय मिळवून दिले? उत्तर 'काही नाही' असेल, तर संथपणाचा दोष निःशंकपणे द्यावा. असे अंक दर आठवड्याला निघतात.

काही गोष्टींत एका अंकावरून मत देणे घाईचे ठरते. २०१९ मध्ये हिकमनच्याच 'हाउस ऑफ एक्स' आणि 'पावर्स ऑफ एक्स' या जोडमालिकांचे मिळून १२ अंक आठवड्याला एक या गतीने निघाले. 'हाउस ऑफ एक्स'च्या दुसऱ्या अंकात मोइरा मॅक्टॅगर्ट या जुन्या पात्राविषयी असे काही उघड होते की आधीचे अंक पुन्हा उघडावे लागतात. म्हणून मत दोन पायऱ्यांनी द्यावे. अंकाचे मत लगेच: चित्रकथन, संवाद, पुढचा अंक घ्यावासा वाटतो का. गोष्टीचे मत पाच-सहा अंकांचा टप्पा संपल्यावर, कारण पुस्तकरूपात बांधण्यासाठी बहुतेक गोष्टी तेवढ्याच मापाने आखलेल्या असतात. मालिका सोडायची झाली तरी हाच टप्पा धरावा. आवडत नसताना केवळ संग्रह अपुरा राहू नये म्हणून वर्षभर अंक घेत राहणे आणि दर महिन्याला चिडून लिहिणे, यात वाचकाचे पैसे जातात आणि मताची धारही बोथट होते.

गाव, शहर आणि माणसे यांबाबत प्रत्येक वाचकाला स्वतःच्या अनुभवाचा आधार असतो, तो वापरावा. २०१४ मध्ये जी. विलो विल्सन आणि एड्रियन अल्फोना यांनी कमला खान ही नवी 'मिस मार्व्हल' आणली. जर्सी सिटीतल्या पाकिस्तानी वंशाच्या मुस्लिम घरातली ही मुलगी. अंक येण्याआधीच तिच्या धर्मावरून मतांचा गदारोळ झाला. अंक उघडतो तो दुकानातल्या काचेच्या पेटीवर वाकून डुकराच्या मांसाचे सँडविच हुंगणाऱ्या कमलापाशी. खायचे नाही हे तिला ठाऊक आहे, वास सोडवत नाही. उपासाच्या दिवशी वड्याच्या गाडीसमोर पाऊल रेंगाळलेल्या कोणालाही ती मुलगी पहिल्याच चित्रात ओळखीची होते. पुढच्या वर्षी या मालिकेच्या पहिल्या खंडाला ह्यूगो पुरस्कार मिळाला. याउलट २००४ साली आलेल्या 'स्पायडरमॅन: इंडिया'कडे मुंबई ओळखणाऱ्या वाचकाने चिकित्सेनेच पाहावे. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांचा पवित्र प्रभाकर गावाकडून मुंबईला आलेला आहे आणि धोतर नेसून इमारतींवरून झेपावतो. कांगची चित्रे देखणी आहेत. गोष्ट मात्र मूळ अमेरिकन कथेवर एकेक भारतीय नाव ठेवत जाते: बेनकाकांच्या जागी भीमकाका, मे काकूच्या जागी माया, ऑस्बॉर्नच्या जागी ओबेरॉय. शहर बदलले की माणसाची अडचणही बदलायला हवी, ते इथे पुरेसे झाले नाही. कमलाच्या पहिल्या पानावर ते झाले आहे.

मत लिहिताना किंवा बोलताना काही पथ्ये उपयोगी पडतात. स्वतःचे मत ठरेपर्यंत दुसऱ्याचे वाचू नये. पहिल्या दिवशीची मते एकमेकांची री ओढत जातात. सुरुवात अंकातल्या एका नेमक्या पानापासून करावी: हे पान, ही चौकट, इथे हे साधले किंवा हे फसले. 'मला आवडले नाही' आणि 'हे जमलेले नाही' ही दोन वाक्ये वेगळी ठेवावीत. भीषण चित्रे न आवडणाऱ्याने ती उत्तम काढली आहेत हे मान्य करूनही नावड सांगता येते. पहिले दोन आठवडे शेवटचे पान सांगू नये. अमेरिकेबाहेरच्या अनेकांच्या हाती अंक उशिरा पडतो, आणि मार्व्हलच्या वर्गणीच्या डिजिटल वाचनालयात तर तो साधारण तीन महिन्यांनी येतो. ज्याचे काम फसले त्या चित्रकाराला किंवा लेखकाला उद्देशून कडवट शब्द टाळावेत. टीका पानावर करावी, नेमकी करावी, आणि ती करताना भीड ठेवू नये.

नावे सगळ्यांची घ्यावीत. 'स्नायडरचा अंक', 'हिकमनचा अंक' असे म्हणण्याची सवय पडली आहे आणि ती अन्यायाची आहे. हा अन्याय जुना आहे. बॅटमॅन घडवण्यात लेखक बिल फिंगर यांचा मोठा वाटा होता, पण दशकानुदशके निर्माता म्हणून एकट्या बॉब केन यांचेच नाव छापले जात राहिले. फिंगर १९७४ मध्ये वारले. त्यांचे नाव अधिकृत श्रेयात येण्यास २०१५ उजाडावे लागले. सीगल आणि शुस्टर यांनी सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरना दिले होते, आणि त्यांची नावेही १९७०च्या दशकात, मोठ्या झगड्यानंतर, परत छापली जाऊ लागली. प्रकाशकांनी जे उशिरा केले ते चाहत्याला पहिल्याच वाक्यात करता येते: लेखक, चित्रकार, शाईकार, रंगकार, अक्षरकार. पाच नावे लिहायला एक ओळ लागते.

प्रत्येक अंकाविषयी दोन-तीन ओळी तारखेसह वहीत नोंदवून ठेवाव्यात. सहा-आठ महिन्यांनी तीच गोष्ट पुस्तकरूपात येते, तेव्हा ती सलग वाचून जुनी नोंद काढावी. महिन्याच्या अंतराने तुटक वाटलेले संवाद सलग वाचनात जुळतात. उलट, त्या वेळी दचकवणारा शेवट दुसऱ्याच पानावर पुढचा भाग दिसल्यामुळे पोकळ निघतो. मत बदलले असेल तर जुने खोडू नये. त्याच्याखाली नवे लिहावे, आणि ते कोणत्या पानामुळे बदलले त्या पानाचा क्रमांकही टाकावा.